बंदूक कशाला पाहिजे, हे कोणी कुणाला विचारायचं?

मागच्या विधानसभेची आचारसंहिता लागली आणि आठ दिवसांत मामाला पोलीस स्टेशनमधून फोन, परवान्याची बंदूक आणून जमा करा. मामा आर्मीतून हवालदार म्हणून रिटायर झालेला, नंतर चौदा वर्षं साताऱ्यात एका बँकेच्या दारात दुनळी घेऊन बसायचा, आता गुडघे गेलेत म्हणून घरीच असतो. गाडी चालवायला मी. बारा बोरची दुनळी, नळ्या वेगळ्या आणि दस्ता वेगळा करून आजीच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेली, आणि काडतुसं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, मोजून सात. ठाणे अंमलदारानं परवान्याचं पुस्तक बघितलं, बंदुकीवरचा नंबर जुळवला, सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, पावती दिली, झालं काम.

येताना मामा गप्पच. पोवई नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "चाळीस वर्सं बंदूक हातात हाय, कुणाला कधी साधा दम न्हाय दिला, अन् इलेक्शन आलं की आमीच संशयित व्हय गं?"

खरं तर सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करायच्या नसतात, त्यासाठी जिल्ह्याला छाननी समिती असते आणि जामिनावर सुटलेले, गुन्ह्याचा इतिहास असलेले, आधीच्या निवडणुकीत दंग्यात सापडलेले असे परवानेवाले यांच्यावर मुख्य रोख असतो. पण फोन आला की जाऊन देऊन मोकळं व्हायचं ही आपली पद्धत.

त्याच रात्री चुलत भावाचा अमेरिकेतल्या डॅलसवरून व्हिडिओ कॉल आला. त्याची पोरगी दुसरीत आहे. नवीन शूज घ्यायला गेले तर तिनं टाचेत लाइट लागणारे घ्यायला नकार दिला, का तर शाळेत कोणी बंदूक घेऊन घुसलं तर काय करायचं याचं ड्रिल असतं, वर्गाचे दिवे बंद करून दारातून दिसणार नाही अशा भिंतीला चिकटून गप बसायचं, आणि लाइटचे शूज अंधारात दिसतात. सात वर्षांची पोरगी हे हसत हसत सांगत होती. मी मामाकडे बघितलं, मामानं फोनकडे बघितलं, आणि मग म्हणाला, "तिथं बंदूक जमा करून न्हाय घेत का कोण?"

नाही घेत. आणि का नाही घेत याचं उत्तर त्याला देता देता माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे या विषयावर "अमेरिकेत येडे लोक आहेत" आणि "आपल्याकडे पण प्रत्येकाला पिस्तूल पाहिजे" या दोनच गोष्टी बोलल्या जातात, मधलं कोणी सांगतच नाही. म्हणून हे लिहितेय, जरा लांबेल.

सुरुवात एका वाक्यापासून. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली पहिल्या दहा दुरुस्त्या झाल्या, त्यातली दुसरी बंदुकीची. तिचा अर्थ आपल्या भाषेत साधारण असा, की स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी शिस्तीतलं लोकसैन्य गरजेचं असल्यामुळे, शस्त्र बाळगायचा आणि वागवायचा लोकांचा हक्क मोडला जाणार नाही. आता भांडण बघा कसं आहे. एक पार्टी म्हणते पहिला भाग वाचा, हक्क लोकसैन्यासाठी आहे, घरोघरी पिस्तूल ठेवायला नाही. दुसरी म्हणते दुसरा भाग वाचा, हक्क "लोकांचा" आहे, पहिला भाग नुसती प्रस्तावना. दोनशे वर्षांपेक्षा जास्त काळ हे वाक्य दोन्हीकडून ओढलं जातंय, सामायिक बांधासारखं.

लोकसैन्य म्हणजे काय हे सातारा-सांगलीच्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही खरं तर. १९४३ ते ४६ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं ते आपल्याच भागात, तेव्हा सांगली धरून सगळा सातारा जिल्हाच होता, आणि त्यांची तुफान सेना होती ती काय होती मग? गावातलीच पोरं, पगार नाही, आणि जी काही हत्यारं होती ती काय कलेक्टरच्या परवान्याची नव्हती. अमेरिकेतली गोष्ट पण जवळपास अशीच सुरू होते. १७७५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश फौज बॉस्टनहून काँकर्ड गावाकडं निघाली ती तिथल्या लोकांनी साठवलेला दारूगोळा आणि हत्यारं ताब्यात घ्यायला, शेतकरी बंदुका घेऊन आडवे आले आणि तिथून त्यांचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. त्यामुळे सरकार हत्यार घ्यायला येतंय म्हटलं की तिथल्या माणसाच्या डोक्यात पहिली ती आठवण येते. आपल्याला ते हास्यास्पद वाटतं, पण आपला शत्रू इंग्रज होता आणि त्यांचाही इंग्रजच होता, हे विसरून चालत नाही.

आता मजा अशी की इंग्रजांनी आपली हत्यारं खरंच काढून घेतली. १८५७ च्या उठावानंतर (साताऱ्यात गेंडामाळावर १७ जणांना मारलं ते त्याच साली) सरकार हत्यारबंद रयतेला जाम घाबरलेलं होतं, आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियन माणसाला सूट. हा अपमान लोकांना इतका झोंबला होता की अहिंसावाल्या गांधीजींनी १९१८ मध्ये सैन्यभरतीचं पत्रक काढलं त्यात अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राजवटीच्या कुकर्मांपैकी सगळ्यात काळा ठरेल असं लिहिलं. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात तर नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगायचा हक्क चक्क होता. म्हणजे एक वेळ अशी होती की आपण पण अमेरिकेच्याच रस्त्यानं गेलो असतो.

नाही गेलो. १९४८ च्या डिसेंबरमध्ये घटना समितीत एच. व्ही. कामतांनी हा हक्क घटनेत घालायची दुरुस्ती मांडली आणि डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कोणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार विनाअडथळा विकत घ्यायला लागला तर राज्य चालणार कसं, सराईत गुन्हेगार पण तोच हक्क सांगेल, आणि स्वतंत्र देशात शस्त्राचा हक्क मागण्यापेक्षा देशासाठी शस्त्र उचलायचं कर्तव्य महत्त्वाचं. दुरुस्ती पडली. आज आपल्या घटनेत कलम १९ मध्ये शस्त्राचा उल्लेख येतो तो उलटा येतो, शांततेनं आणि विनाशस्त्र जमायचा हक्क.

इथं दोन देशांचे रस्ते फुटले, आणि माझ्या मते बाकी सगळा वाद या एकाच ठिकाणाहून समजून घेता येतो. "बंदूक कशाला पाहिजे?" हा प्रश्न कोणी कुणाला विचारायचा? आपल्याकडे सरकार माणसाला विचारतं आणि माणसानं कारण द्यायचं. अमेरिकेत माणूस सरकारला विचारतो, मला का नको, आणि कारण सरकारनं द्यायचं. बस्स.

आपलं आधी बघू. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा, लागू झाला १९६२ मध्ये. सातारा, सांगलीसारख्या जिल्ह्यात परवाना देणार कलेक्टर, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी. तुम्ही अर्ज करायचा, वय २१ पूर्ण, डॉक्टरचं सर्टिफिकेट, हत्यार हाताळायचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट, मग तुमच्या पोलीस स्टेशनातून चौकशी, शेजारीपाजारी, गुन्हे, भाऊबंदकीची केस चालू आहे का, आणि मग रिपोर्ट वर जातो. आणि खरोखरचं कारण पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं, परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं, आणि लग्नात वरातीत हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. (वरातवाल्यांनी हे वाक्य स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायला हरकत नाही.)

कायद्यात एक बारीक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. शेतकऱ्याला पीक राखायला ठासणीची बंदूक, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची ती, यासाठी कायद्यात वेगळी आणि त्यातल्या त्यात सोपी वाट ठेवलीय. जावळी, पाटण, शिराळ्याकडं डुकरांनी एका रात्रीत भुईमुगाचं वावर उकरलेलं ज्यानं बघितलंय त्याला याचं कारण कळेल. पण परवाना पिकाचा म्हणून शिकारीचा होत नाही, तिथं १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. आणि दुसरी एक गोष्ट, नुसतं "तुझ्याकडं पुरेशी मालमत्ता नाही" या कारणावर परवाना नाकारता येत नाही असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्षात कमरेला पिस्तूल लावून लग्नात फिरणारे कोण असतात ते मी सांगायला नको. गरिबाला धोका नसतो असं नाही, पण धोका कागदावर दाखवता यायला वजन लागतं. आपल्या सिस्टीमची ही खरी गोम आहे, आणि अमेरिकेतले बंदूकवाले नेमकं हेच बोट दाखवतात, की कारण विचारायचा अधिकार साहेबाला दिला की साहेबाच्या ओळखीतल्यालाच कारण सापडतं.

आता तिकडचं. २००८ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टात हेलर नावाच्या माणसाची केस गाजली. हा वॉशिंग्टनमधला सिक्युरिटीवाला, ड्युटीवर सरकारी इमारतीत पिस्तूल लावून उभा राहायचा आणि घरी मात्र पिस्तूल ठेवायला शहराच्या कायद्यानं बंदी. मामाला सांगितलं तर मामा म्हणाला, आमच्यासारखाच की हा. पाच विरुद्ध चार मतांनी कोर्टानं ठरवलं की लोकसैन्यात असो नसो, स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवायचा हक्क प्रत्येकाचा वैयक्तिक आहे. पण त्याच निकालात असंही आहे की हा हक्क अमर्याद नाही, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेले, मानसिक आजारी, शाळा, सरकारी इमारती इथले निर्बंध चालतील. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर पहिला अर्धाच भाग फिरतो.

मग २०२२ चा निकाल आला, आणि हा आपल्याला समजून घ्यायला सगळ्यात सोपा आहे. न्यूयॉर्क राज्यात बाहेर पिस्तूल घेऊन फिरायला परवाना हवा असेल तर खास कारण दाखवावं लागायचं, इतरांपेक्षा मला जास्त धोका आहे असं. म्हणजे हुबेहूब आपल्या कलेक्टर ऑफिससारखं. सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीननं ते रद्द केलं. घटनेनं दिलेला हक्क वापरायला कारण कशाला सांगायचं, बोलायच्या हक्कासाठी सांगता का, असा त्यातला सूर. जे आपल्याकडं रोज चालतं ते तिकडं घटनाबाह्य. भाऊ राहतो त्या टेक्सासमध्ये तर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्यानं बंदी नसलेल्या माणसाला पिस्तूल घेऊन फिरायला परवानाच लागत नाही. २०२४ मध्ये मात्र कोर्टानं आठ विरुद्ध एकनं सांगितलं की घरातल्या हिंसेमुळं ज्याच्यावर कोर्टाचा मनाई हुकूम आहे त्याच्याकडून हत्यार काढून घेणं योग्य. म्हणजे दार अगदीच सताड उघडं नाही.

बरं, मग तिथं नियंत्रण मागणारे मागतात तरी काय? आपला समज असा की सगळ्या बंदुका जप्त करा म्हणतात. थोडे असतीलही, पण मुख्य मागण्या फार साध्या आहेत. विकत घेणाऱ्याची चौकशी करा. ही १९९३ च्या कायद्यानं आलीच, राष्ट्राध्यक्ष रेगनवर १९८१ मध्ये गोळीबार झाला त्यात त्यांचे प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रेडी कायमचे जायबंदी झाले, त्यांचं नाव त्या कायद्याला आहे. पण देशपातळीवर ही सक्ती परवानाधारक दुकानदारालाच, एका माणसानं दुसऱ्याला खाजगीत विकली तर बऱ्याच राज्यांत कोणी विचारत नाही. जुनी मोटरसायकल घेताना आपण जेवढे कागद बघतो तेवढेही नाही. शिवाय १९८६ च्या कायद्यानं केंद्र सरकारला बंदूकमालकांचं देशव्यापी रजिस्टर ठेवायलाच बंदी आहे, कारण आज यादी झाली की उद्या जप्ती येईल ही भीती. आणि इथं मामाच्या दुनळीचा नंबर देशाच्या कॉम्प्युटरवर आहे.

दुसरी मागणी एआर-१५ सारख्या, म्हणजे लष्करी धाटणीच्या रायफली बंद करा. १९९४ ते २००४ दहा वर्षं अशा बऱ्याच रायफलींच्या नव्या विक्रीवर बंदी होती, मुदत संपली ती परत वाढवलीच नाही. शाळांमधले जे भयानक प्रसंग आपण टीव्हीवर बघतो, २०१२ चं सँडी हूक, २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं, २०२२ चं युवाल्डी, १९ मुलं आणि २ शिक्षिका, त्यात ही रायफल होती. पण इथं प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की अमेरिकेत बंदुकीनं होणारे बहुतेक खून साध्या पिस्तुलानं होतात, रायफलीनं नाही, आणि हा मुद्दा बंदूकवाले मांडतात तेव्हा तो खोटा नसतो.

आणि सगळ्यात मोठा आकडा तर बातम्यांत येतच नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. खून नाहीत. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलं नव्हतं, मरायचंच ठरवलेला माणूस बंदूक नसली म्हणून थांबतोय होय, असं वाटलेलं. मग श्रीलंकेची गोष्ट वाचली. तिथं सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि पुढच्या काळात आत्महत्यांचं प्रमाण दोन तृतीयांशापेक्षाही जास्त खाली आलं. लोकांची दुःखं कमी झाली नव्हती. पण तो एक वाईट तास असतो, त्या तासात जीवघेणी वस्तू हाताशी नसली की तो तास निघून जातो आणि पुष्कळ माणसं पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. आपल्याकडं औषधाची बाटली कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या असं सांगतात ना, तसंच तिकडं बंदूक कुलपात ठेवा, घरच्यांनी तक्रार केली तर कोर्टाच्या हुकमानं काही दिवस काढून घ्या, असे कायदे काही राज्यांनी केलेत. (कुणाच्या मनात असं काही येत असेल तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.)

मग एवढं साधं असून होत का नाही? त्यांच्या सिनेटचं, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचं गणित. १०० पैकी ६० जण तयार नसतील तर बहुतेक कायदे मतदानापर्यंत जातच नाहीत. सँडी हूकनंतर २०१३ मध्ये चौकशी वाढवायचा प्रस्ताव आला, बाजूनं ५४, विरोधात ४६, आणि प्रस्ताव पडला. ग्रामपंचायतीत असं झालं असतं तर लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या. शिवाय १८७१ ची नॅशनल रायफल असोसिएशन, सुरुवातीला नेमबाजी शिकवणारी संस्था, नंतर मतपेटी हलवणारी ताकद झाली. युवाल्डीनंतर २०२२ मध्ये मात्र दोन्ही पक्षांनी मिळून एक मर्यादित कायदा केला, २१ वर्षांखालच्या खरेदीदाराची जास्त चौकशी वगैरे.

बंदूकवाल्यांची बाजू मी उगाच सांगायची म्हणून सांगत नाहीये. माझी आत्या माणमध्ये वस्तीवर राहते, सगळ्यात जवळचं घर हाकेच्या पलीकडं, चोरांची आवई उठली की पंधरा पंधरा दिवस पुरुष माणसं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन जागतात. ११२ ला फोन लावला तरी गाडी यायला वेळ लागणारच. टेक्सासच्या रानात राहणारा माणूस हेच म्हणतो, शेरीफ येईपर्यंत मी काय करू? आणि तो म्हणतो की कायदा करून बंदूक सरळ माणसाची जाते, गुंडाची नाही. आपल्याकडचे पेपर उघडून बघा, "गावठी पिस्तूल आणि दोन जिवंत काडतुसांसह एकास अटक" ही बातमी कराडची, मिरजेची, साताऱ्याची नेहमीचीच झालीय, परवान्याच्या बंदुकीची बातमी क्वचित. कट्टे येतात ते मध्य प्रदेशाकडून आणि असे कुठून कुठून, आणि जी पोरं घेतात त्यांना स्टेटसला फोटो टाकायचा असतो. कलेक्टरच्या अर्जाशी त्यांचा संबंध नाही.

पण यात एक भोक आहे. अमेरिकेत लोकांकडं किती बंदुका आहेत याचा २०१८ चा एक अंदाज ३९ कोटींचा आहे, म्हणजे माणसांपेक्षा जास्त, शंभर माणसांमागं १२०. आपल्याकडं बेकायदा धरून शंभरामागं पाच. आपला गुंड कट्टा मिळवतो, खरंय, पण तो त्याला शोधावा लागतो, पैसे मोजावे लागतात, पकडला तर आत जातो, आणि तो कट्टा कधी कधी हातातच फुटतो. रागाच्या भरात आपल्याकडं बांधावर कुऱ्हाड निघते. कुऱ्हाड वाईटच, पण कुऱ्हाडीनं पन्नास फुटांवरून कोणी वर्गातल्या एकोणीस पोरांना मारू शकत नाही.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातला मुद्दा कोणी सांगत नाही. १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली आणि बारा दिवसांत सगळी राज्यं कडक नियमांवर एकत्र आली, सरकारनं साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. हे माहीत असतं. माहीत नसतं ते हे की तिथं पण परवान्याला कारण द्यावं लागतं, शेती, शिकार, नेमबाजी, आणि "स्वसंरक्षण" हे कारण म्हणून धरतच नाहीत. आपल्याकडं जे सगळ्यात मोठं कारण, ते तिथं कारणच नाही, आणि अमेरिकेत कारण विचारलं म्हणून कायदा रद्द.

हे सगळं मामाला दोन-तीन संध्याकाळी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. त्याला आंबेडकरांचं पटलं, सिनेटचं अजिबात कळलं नाही, आणि पोरीच्या शूजचं तो मधूनच परत विचारायचा, मग घेतले का गं साधे.

निकाल लागला, आचारसंहिता उठली, दुनळी परत आणली. नऊवारीच्या तुकड्याला पोलीस स्टेशनच्या खोलीतल्या कुबट ओलीचा वास लागला होता, मामीनं तो धुवायला टाकला आणि दुनळी दोन दिवस कपाटात तशीच. परवान्याची मुदत संपत आली होती म्हणून नूतनीकरणाचा अर्ज मोबाईलवर भरायला मला बसवलं. नाव, पत्ता, जुना नंबर, सगळं झालं, आणि मग आला कारणाचा रकाना.

"आधी काय लिवलं व्हतं?"

"बँकेची नोकरी."

"ती तर सुटली."

"मग पीक संरक्षण टाकू?"

"वावर वाट्यानं दिलंय की गं. मी कवा जातो वावरात."

"स्वसंरक्षण?"

मामा जरा हसला. "कुणापासनं लिवणार?"

मी मोबाईल हातात धरून बसले, तो खिडकीतून बघत बसला, आत मामी कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. तेवढ्यात वेळ संपली म्हणून साइटनं बाहेर काढलं, आणि आम्ही परत पहिल्यापासून मोबाईल नंबर टाकून ओटीपीची वाट बघायला लागलो.